निरभ्र सकाळचा धोका

उत्तराखंडमधल्या चमोली जिल्ह्यात 28 फेब्रुवारी 2025 रोजी सकाळी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर बर्फ कोसळला. माणा आणि बद्रीनाथ यांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून सुमारे 3200 मीटर उंचीवरची ही छावणी. तिथे 54 कामगार होते. लष्कर आणि आपत्ती प्रतिसाद दलांच्या जवानांनी तीन दिवस बर्फ उपसला. 46 जण वाचले, आठ जण गेले. बरेचसे कामगार लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. बर्फाने हे कंटेनर उचलून खाली लोटले, पण जे चेपले नाहीत त्यांच्या आत हवा शिल्लक राहिली, आणि त्या हवेवर माणसे तगली.

या घटनेतली एक नोंद पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. आदल्या दिवशी संध्याकाळीच चंदीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण संशोधन संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या डोंगरी जिल्ह्यांना इशारा दिला होता. 2400 मीटरच्या वर पुढच्या चोवीस तासांत हिमस्खलनाचा धोका आहे, असे त्यात म्हटले होते. इशारा खरा ठरला. छावणी मात्र होती तिथेच होती.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे सगळे फार दूरचे वाटेल. आपल्याकडे बर्फ म्हणजे महाबळेश्वरात वेण्णा तलावाजवळ एखाद्या थंड पहाटे दिसणारे गोठलेले दवबिंदू, आणि त्याचेही फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतात. पण हिमस्खलनाच्या मृतांच्या याद्यांत या दोन जिल्ह्यांची नावे वारंवार आली आहेत. पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावणारे अपशिंगे ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला ते टळणारे नव्हते. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतले दहा जण गाडले गेले. त्यांच्यातील सुनील सूर्यवंशी हे माण तालुक्यातील मस्करवाडीचे. ते त्या तुकडीचे नर्सिंग असिस्टंट होते. म्हणजे इतर कोणाला काही झाले असते तर धावून जाणारा माणूसच त्या बर्फाखाली होता. वर्षभराने, 25 जानेवारी 2017 ला, काश्मीरमधील गुरेझ खोऱ्यात अनेक दिवसांच्या हिमवृष्टीनंतर लष्कराची छावणी आणि एक गस्तीपथक हिमस्खलनात सापडले. त्या काळात काश्मीरमध्ये हिमस्खलनांत गेलेल्या जवानांमध्ये वाई तालुक्यातील आसरे आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील रामपूरवाडी या गावांचे सुपुत्र होते. खराब हवामानामुळे त्यांची पार्थिवे कित्येक दिवस काश्मीरबाहेर आणता आली नाहीत आणि इकडे दोन्ही गावे वाट पाहत बसली.

आता त्यात आणखी एका वर्गाची भर पडली आहे. कराड, इस्लामपूर, मिरज, सातारा इथली तरुण मुले आणि पन्नाशीतले हौशी डोंगरप्रेमीही डिसेंबर ते मार्चमध्ये केदारकांठा, ब्रह्मताल यांसारख्या बर्फातल्या ट्रेकला जाऊ लागले आहेत. सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेल्या माणसाला आपले पाय आणि आपला दम यांवर भरवसा असतो, आणि तो रास्तही असतो. फक्त सह्याद्रीने शिकवलेल्या खुणा तिथे उपयोगी पडत नाहीत.

ओझे, उतार आणि कच्चा थर

हिमस्खलन म्हणजे डोंगरावरून बर्फ घसरणे, एवढीच कल्पना मनात असते. प्रत्यक्षात माणसे मारणारी बहुतेक हिमस्खलने एका विशिष्ट प्रकारची असतात. उतारावर बर्फाचा एक घट्ट, सलग थर बसलेला असतो. त्याच्याखाली कुठेतरी एक कच्चा, पोकळ थर असतो. वरचे ओझे वाढले की कच्चा थर एका जागी मोडतो, ती मोड क्षणात चहूकडे पसरते, आणि वरचा सगळा पत्रा एकदम सुटतो. भिंतीवरचे जुने प्लास्टर एका कोपऱ्यात ठोकल्यावर सगळे निघून यावे, तसे.

हा कच्चा थर तयार कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडी, कडाक्याची थंडी राहते. जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा उणे पंधरा-वीस. दोन फूट जाडीच्या बर्फात एवढा फरक पडला की खालची वाफ वर सरकू लागते आणि वाटेतल्या बर्फकणांना कोन-कंगोरे फुटतात. ते एकमेकांना धरत नाहीत. मुठीत घेतले तर साखर कारखान्याच्या पोत्यातल्या साखरेसारखे बोटांमधून सांडतात. या साखरेवर पुढे तीन-चार फूट बर्फ पडला तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 2024-25 चा हिवाळा हिमालयात बराचसा कोरडाच गेला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पश्चिमी विक्षोभामुळे मोठी हिमवृष्टी झाली. असा क्रम दिसला की डोंगरातली जाणती माणसे सावध होतात.

ओझ्याचा हिशोब सोपा आहे. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण 100 किलो धरतात. मीटरभर बर्फ पडला म्हणजे दर चौरस मीटरवर 100 किलो. शंभर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद अशा लहानशा उतारावर 500 टन नवे वजन येऊन बसते. दहा-दहा टन ऊस भरलेले पन्नास ट्रक रातोरात एका तिरप्या छपरावर उभे करावेत, अशी ही अवस्था. शिवाय वारा हा हिशोब झपाट्याने बिघडवतो. आभाळातून एक फूट बर्फ पडलेला असताना वारा कड्याच्या एका बाजूचा बर्फ खरवडून आडोशाच्या बाजूला दोन-तीन फूट रचून ठेवतो. म्हणून हॉटेलच्या अंगणात किती बर्फ साचला यावरून वरच्या उताराचा अंदाज बांधता येत नाही.

उताराचा कोन हा यातला सर्वांत पक्का आकडा. 25 अंशांपेक्षा कमी उतारावर असा पत्रा सहसा सुटत नाही. 50-55 अंशांच्या वर बर्फ फारसा टिकतच नाही, पडता पडता झडून जातो. धोका आहे तो 30 ते 45 अंशांच्या दरम्यान, आणि त्यातही 38 अंशांच्या आसपास सर्वाधिक. आपल्या घराचा जिना साधारण 30 ते 35 अंशांचा असतो. डोळ्यांना फार उभा न वाटणारा, चालायला छान वाटणारा उतार नेमका याच टापूत येतो. मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या साध्या ॲपने हे तपासता येते. मात्र आपण उभे आहोत ती जागा सपाट असली म्हणजे भागले, असे नाही. डोक्यावर असा उतार असेल तर तिथून सुटलेला बर्फ सपाटीवर, नाल्यात, कधी कधी समोरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत येतो.

या तिन्ही गोष्टी पाटण तालुक्याने बर्फाशिवाय अनुभवल्या आहेत. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला, कोयना खोऱ्यातही धो धो कोसळला, आणि आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला. तिथेही उतार होता, मुरमाचा कच्चा थर होता आणि काही तासांत वाढलेले पाण्याचे ओझे होते. फरक एवढाच की दरड बहुधा मुसळधार पावसातच येते. बर्फाचे थोडे वेगळे आहे.

पाऊल पडते तेव्हा

वादळ चालू असताना हिमस्खलने होतातच. पण पर्यटक त्या वेळी तंबूत किंवा खोलीत असतो. तो बाहेर पडतो बर्फ थांबल्यावर. आकाश निळेशार, कोवळे ऊन, पायाखाली कोरा बर्फ आणि समोर लखलखणारी शिखरे. दोन दिवस अडकून पडलेल्या माणसाला यापेक्षा चांगली सकाळ कोणती वाटणार? आणि बर्फाच्या दृष्टीने हीच सकाळ फार नाजूक असते. नवे ओझे अजून खालच्या थराशी सांधलेले नसते. त्यावर ऊन पडून वरचा थर तापू लागतो, ओलसर आणि जड होतो. मोठ्या हिमवृष्टीनंतर किमान चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उभ्या उतारांपासून दूर राहावे, असा जगभरच्या पहाडी लोकांचा शिरस्ता आहे तो यामुळेच. खाली साखरेसारखा थर असेल तर दोन दिवसही पुरत नाहीत, धोका आठवडेच्या आठवडे दबा धरून राहतो.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासातून एक गोष्ट सतत पुढे आली आहे. बळी गेलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत हिमस्खलन त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेले असते. डोंगर आपण होऊन त्यांच्यावर आलेला नसतो. हे भयंकर आहे, पण त्यात दिलासाही आहे, कारण जे माणसाच्या पावलाने सुटते ते पाऊल न टाकल्याने टळते. दुसरी गोष्ट आणखी विचार करायला लावणारी. युरोपात धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरतात. सर्वाधिक मृत्यू चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर होत नाहीत. ते तिसऱ्या पायरीवर होतात. पाचव्या पायरीला लोक घराबाहेर पडत नाहीत. तिसरीला ‘बघू या जाऊन’ म्हणतात.

डोंगर स्वतः काही लक्षणे दाखवतो. आजूबाजूच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजे हिमस्खलन झालेले दिसणे हे सर्वांत मोठे लक्षण. त्यानंतर पायाखालून आलेला ‘धप्प’ असा दबका आवाज आणि त्यासरशी सगळा पृष्ठभाग किंचित खचल्याची जाणीव. तो आवाज म्हणजे कच्चा थर मोडल्याचा आवाज. सपाटीवर असाल तर जिवावरचे बोटावर निभावले. आपल्या पावलापासून बर्फात सरसर पुढे धावणारी चीरही तेच सांगते. एका दिवसात तापमान झपाट्याने वाढणे किंवा बर्फावर पाऊस पडणे ही आणखी दोन लक्षणे. यातले एकही दिसले तर आलेल्या वाटेने मागे फिरावे, त्यावर चर्चा करू नये.

प्रशिक्षित लोक याहून पुढे जातात. बर्फात खड्डा खणून त्याच्या कडेला एक चौकोनी खांब कापतात, त्यावर फावडे ठेवतात आणि हाताने ठोकतात. आधी दहा वेळा मनगटापासून, मग दहा वेळा कोपरापासून, मग दहा वेळा खांद्यापासून. कितव्या ठोक्याला आणि कोणत्या खोलीवर खांब सटकतो ते पाहतात. छातीवर बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याच्या डॉक्टरी पद्धतीची कोणालाही आठवण व्हावी. पण इथे डॉक्टरांना ठाऊक असलेली एक अडचण येते. एका जागचा तुकडा काढून तपासला आणि तो निर्दोष निघाला, म्हणजे शेजारची जागा निर्दोष आहे असे होत नाही. खांब सहज सटकला तर धोका नक्की. खांब टिकला तर धोका नाही, असे मात्र म्हणता येत नाही. सर्व संशय मिटल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये, हा कॅज्युअल्टीतला नियम उतारालाही लागू पडतो.

बर्फाखालची मिनिटे

गाडला गेलेला माणूस थंडीने मरतो, असा सार्वत्रिक समज आहे. वैद्यकीय निरीक्षण वेगळे सांगते. बर्फाखाली शरीराचे तापमान सरासरी तासाला तीन अंशांच्या आसपास घसरते. म्हणजे अर्ध्या तासात दीड अंश. तेवढ्याने माणूस मरत नाही. तो गुदमरून मरतो. ताज्या बर्फात हवा भरपूर असते, पण कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळून बसतो, छाती फुगवायलाही जागा उरत नाही. नाकातोंडातला गरम श्वास समोरचा बर्फ वितळवतो आणि ते पाणी पुन्हा गोठून चेहऱ्यावर बर्फाचा मुखवटा चढतो. त्यातून हवा जात नाही. स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत येतो. काही जण त्याआधीच झाडा-खडकांवर आपटून जातात, तो आकडाही लहान नाही.

1994 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या घटनांवर आधारित एक आलेख प्रसिद्ध झाला. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जिवंत होते. 35 मिनिटांपर्यंत हे प्रमाण 30 टक्क्यांवर आले होते. त्याच देशातल्या 1981 ते 2020 या चाळीस वर्षांच्या नोंदींवर 2024 मध्ये नवा अभ्यास आला आणि त्याने ही मुदत आणखी आखडली. आता नव्वद टक्क्यांचा भरवसा फक्त पहिल्या दहा मिनिटांचा धरतात.

दहा मिनिटे म्हणजे किती? जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन लागेपर्यंत ती संपतात. हेलिकॉप्टर, श्वानपथक, रडार हे सारे आवश्यकच आहे, पण या दहा मिनिटांत ते पोहोचत नाहीत. त्या वेळात शेजारचा माणूसच वाचवू शकतो, आणि तोही तयारीचा असेल तर. तयारी म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर रेडिओ संकेत देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब घडीची काठी आणि धातूचे फावडे. तिन्ही लागतात. संकेत सापडला आणि खणायला फावडे नसेल तर नुसत्या हातांनी तो आवळलेला बर्फ निघत नाही. आपल्याकडच्या हिवाळी ट्रेकच्या सामानाच्या यादीत थर्मल, गेटर्स, सनस्क्रीन असते. ही तीन साधने सहसा नसतात.

सापडलेल्या माणसाचे तोंड आधी मोकळे करायचे. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याआधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, कारण इथे हृदय थांबलेले असते ते प्राणवायूअभावी. हातपाय चोळू नयेत, दारू पाजू नये. फार थंड झालेल्या माणसाला आडवेच ठेवून, न हिसकता हलवावे, कारण गार पडलेले हृदय एका धक्क्यानेही बिघडते. एक तासाहून जास्त काळ गाडलेला, तोंडात बर्फ नसलेला आणि गार पडलेला माणूस नाडी लागत नाही म्हणून मृत समजायचा नाही. रुग्णालयात त्याचे रक्त यंत्राने तापवून हृदय पुन्हा सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. ऊब देऊनही जो परत येत नाही त्यालाच मृत म्हणावे, असा थंडीच्या वैद्यकात दंडक आहे.

लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड यांची गोष्ट याच संदर्भात पाहायला हवी. सोनम चौकीवरचे ते दहावे जवान. सहा दिवसांनी, 25-30 फूट बर्फाखाली, ते जिवंत सापडले तेव्हा देशभर प्रार्थना झाल्या. त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली होती, त्यामुळे मुखवटा चढला नाही, आणि थंडीने शरीराची प्राणवायूची गरज कमी केली. पण दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात आणले तेव्हा ते बेशुद्ध होते, रक्तदाब खालावलेला, शरीर कोरडे पडलेले, फुफ्फुसांत न्यूमोनिया. मूत्रपिंडे आणि यकृतही साथ देत नव्हते. उपासमार झालेल्या अवयवांत पुन्हा रक्त वाहू लागते तेव्हा साठलेली विषारी द्रव्ये अंगभर जातात. 11 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्यांचे जगणे हा विलक्षण अपवाद होता. सुटकेच्या नियोजनासाठी नियम तो दहा मिनिटांचाच.

छावणी कुठे असावी

इथे जवान आणि कामगार एकीकडे, पर्यटक दुसरीकडे, असा फरक करावा लागतो. पर्यटकाने जायचे की नाही हे तो ठरवतो. गस्तीवरच्या जवानाला आणि रस्ता साफ करणाऱ्या मजुराला ती मुभा नाही. त्यांच्या वतीने दुसरे कोणीतरी ठरवते, आणि ते बहुतेक वेळा उन्हाळ्यात, बर्फ नसताना, नकाशा पाहून ठरवलेले असते.

पहिल्या महायुद्धात आल्प्समध्ये मार्मोलाडा शिखराच्या कुशीत ऑस्ट्रियन सैनिकांच्या बराकी होत्या. जागा शत्रूच्या तोफांपासून सुरक्षित होती. डिसेंबर 1916 मध्ये बर्फ इतका पडला की तिथल्या अधिकाऱ्याने छावणी हलवण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. 13 डिसेंबरच्या पहाटे, तापमान चढल्यावर, वरचा उतार सुटला आणि झोपेत असलेले अडीचशेहून अधिक सैनिक गेले. माणाची छावणी आणि मार्मोलाडाच्या बराकी यांच्यात शंभराहून अधिक वर्षे आहेत. चमोली जिल्ह्यातच सुमना येथे 23 एप्रिल 2021 रोजी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांवर असेच संकट आले होते. तेव्हाही हिमवृष्टी जोरदार होती आणि लष्कराने शेकडो कामगारांना बाहेर काढले, तरी काहींचे जीव गेले.

‘डीजीआरई’चे काम दुर्लक्षिण्याजोगे नाही. मनालीच्या जुन्या बर्फ संशोधन संस्थेचा अनेक दशकांचा अनुभव तिच्या पाठीशी आहे आणि हिमालयाच्या उंचावरच्या भागात तिची निरीक्षण केंद्रे आहेत. पण तिचे पत्रक जिल्हा आणि उंची सांगते. अमुक नाल्याच्या तोंडाशी असलेले तमुक कंटेनर आज रात्री रिकामे करा, हे ते सांगू शकत नाही. जिल्ह्यापासून त्या नाल्यापर्यंतचे अंतर कोणीतरी जबाबदार माणसाने कापायचे असते. ठरावीक पातळीचा इशारा येताच कोणती छावणी कोणत्या वेळेच्या आत हलवायची, हे आधीच लिहून ठेवलेले असेल तर तिथल्या अभियंत्याला वरच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1945 पासून हिमस्खलनाचे नियमित पत्रक निघते, पण गावे वाचतात ती त्या पत्रकाला जोडलेल्या नकाशांमुळे: कुठे घर बांधायचे नाही, कोणता रस्ता कधी बंद करायचा. शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या आणि पाटणच्या डोंगरी वाड्यांना पावसाळ्यात स्थलांतराच्या नोटिसा मिळतात, त्या वेळीही हाच प्रश्न असतो. नोटीस तालुक्याची असते, जायचे कुठे आणि केव्हा हे वाडीला ठाऊक नसते.

पर्यटकांच्या बाबतीत उदाहरण सिक्कीमचे घ्यावे. नथुला रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी हिमस्खलनात सात पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता. घटना पंधराव्या मैलावर घडली. दिवस होता, गाड्या होत्या, इतर लोकही पुढे गेलेले होते. ‘एवढे लोक गेले आहेत म्हणजे काही होत नसणार’ हा विचार हिमस्खलनाच्या अपघातांत इतक्या वेळा आढळला आहे की त्यावर अमेरिकेत स्वतंत्र अभ्यास झाला. ओळखीची वाट, सोबत अनुभवी म्होरक्या आणि ठरलेले ध्येय, अशा गोष्टी माणसाला समोरची लक्षणे पाहूनही पुढे नेतात, असे त्यात दिसले. अनुभवी गट यातून सुटत नाहीत. उलट सरावाच्या वाटेवर तेच जास्त बेफिकीर असतात.

त्यामुळे ट्रेकसाठी नाव नोंदवताना आयोजकाला काही गोष्टी आधीच विचारायला हव्यात. हिमवृष्टी झाल्यास मार्ग बदलण्याचा निर्णय कोण घेतो आणि तो घेतल्यास पैशांचे काय? ‘डीजीआरई’चे पत्रक रोज पाहिले जाते का? वाटेत 30 अंशांहून उभे उतार कुठे आहेत, ते एकेकाने अंतर ठेवून ओलांडले जातात का? शोधसाधने किती जणांकडे असतील? आणि वेळापत्रकात राखीव दिवस आहेत का? सातारा किंवा सांगलीहून निघालेल्या माणसाने येण्या-जाण्याची रेल्वे तिकिटे महिनाभर आधी काढलेली असतात, रजा मोजकी असते. बर्फ थांबल्यानंतरचे दोन दिवस तळावर बसून काढायचे असतील तर परतीचे तिकीट त्या हिशोबाने, दोन दिवस पुढचे काढावे लागते.